खुर्ची सभागृहाची : बॅरिस्टर विठ्ठलभाई पटेल



वकिली सोडून राजकारणात उतरलेले बॅरिस्टर म्हटलं की आपल्याकडे नावांची रांग लागते. गांधी बॅरिस्टर, जीना बॅरिस्टर, जयकर बॅरिस्टर, आंबेडकर बॅरिस्टर, कोकणचे नाथ पै बॅरिस्टर. सावरकरांनी तर परीक्षा दिली आणि सनद मात्र त्यांना नाकारली गेली. या रांगेतला एक माणूस सहसा कुणाला आठवत नाही, आणि आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे. विठ्ठलभाई झवेरभाई पटेल.

गिरगावातल्या व्ही. पी. रोडवरून आपण शेकडो वेळा गेलो असू. तो रस्ता विठ्ठलभाईंच्या नावाचा. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. तरीही कुणाला विचारलं तर उत्तर काय येतं? 'सरदार पटेलांचे थोरले भाऊ.' हे खरंच आहे. पण एवढ्यावर थांबणं हा त्या माणसावर अन्याय आहे. कारण आज आपली लोकसभा, आपली विधानसभा ज्या पायावर उभी आहे, त्यातला एक दगड या माणसाने स्वतःच्या हाताने बसवला. अध्यक्षाची खुर्ची सरकारची नाही, पक्षाची नाही, ती सभागृहाची आहे. ही गोष्ट आपल्या देशात पुस्तकात वाचून आलेली नाही. ती कुणीतरी करून दाखवली. आणि करून दाखवली ती कुठे? परक्या सरकारच्या मुठीतल्या सभागृहात.

आधी थोडं चरित्र. जन्म १८७३ चा. गाव करमसद, तेव्हाचा खेडा जिल्हा. पाच भावांतले तिसरे. वल्लभभाई त्यांच्या पाठचे, दोन वर्षांनी लहान. दोघेही जिल्हा वकील, गोध्रा आणि बोरसदच्या कोर्टांत फौजदारी खटले लढणारे. वल्लभभाईंनी पै-पै जमवून विलायतेला जायची तयारी केली. प्रवासाची कागदपत्रं आली, त्यांवर नाव होतं 'व्ही. जे. पटेल'. ती पडली विठ्ठलभाईंच्या हाती. दोघांचीही आद्याक्षरं तीच! थोरला म्हणाला, मी मोठा, आधी मी जाऊन येतो. तू धाकटा, तुला नंतरही जाता येईल. धाकट्याने कागद दिले, आणि मागून खर्चही पाठवला. ही गोष्ट सरदारांच्या मोठेपणासाठी नेहमी सांगतात, आणि ती सांगावीच. पण विठ्ठलभाईंचा स्वभावही तिच्यात दिसतो. आपला हक्क आहे असं एकदा वाटलं की हा माणूस संकोच करत नसे. हाच स्वभाव पुढे व्हाइसरॉयसमोर कामाला आला.

१९०८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईत आले. वकिली चालली, उत्तम चालली. १९१० मध्ये पत्नी गेली. १९१२ मध्ये ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात निवडून आले, आणि त्यानंतर कोर्ट हळूहळू मागे पडलं. पुढे दोघा भावांत ठरलं की एकाने देशाचं काम करायचं आणि दुसऱ्याने घर सांभाळायचं. विठ्ठलभाईंच्या वाट्याला देश आला. (पुढे घर सांभाळणाऱ्यानेही घर सोडलं, हे आपल्याला माहीत आहे.)

आता कायदेमंडळातली त्यांची दोन कामं. दोन्ही महाराष्ट्राच्या जवळची, म्हणून त्यांवर थोडा थांबतो.

पहिलं काम शिक्षणाचं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात आणलं होतं, आणि सरकारने ते पाडलं. गोखले १९१५ मध्ये गेले. तोच धागा विठ्ठलभाईंनी मुंबई प्रांतात उचलला. १९१८ मध्ये त्यांचा कायदा मंजूर झाला आणि जिल्ह्यांतल्या नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा अधिकार मिळाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. लोक त्याला 'पटेल ॲक्ट' म्हणत. विचार करा, सरकारचं बहुमत असलेल्या सभागृहात एक बिनसरकारी सभासद कायदा करून घेतो. कसा? मागणी त्यांनी सरकारला झेपेल एवढीच ठेवली. सगळ्या देशासाठी नाही, प्रांतापुरती. सगळ्या प्रांतावर सक्ती नाही, ज्या नगरपालिकेची इच्छा असेल तिला मुभा. वकिलाचं हे कसब. गोखल्यांचं स्वप्न त्यांनी लहान केलं म्हणून त्यांना दोष देणारे तेव्हाही होते. मला तो दोष वाटत नाही. त्या कायद्याने शाळेचं दार उघडलं.

दुसरं काम आंतरजातीय विवाहाचं. त्याच १९१८ मध्ये त्यांनी हिंदूंमधल्या आंतरजातीय विवाहांना कायदेशीर मान्यता देणारं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं. पुण्या-मुंबईत केवढा गदारोळ झाला! सनातन्यांच्या सभा, ठराव, निषेध. त्या गदारोळात विठ्ठलभाईंच्या बाजूने ठामपणे उभा राहिला तो कोल्हापूरचा राजा. राजर्षी शाहू महाराजांनी विधेयकाला नुसता पाठिंबा दिला नाही, तर १९१९ मध्ये आपल्या संस्थानात तसा कायदाच केला. विठ्ठलभाईंचं विधेयक मात्र मंजूर झालं नाही. देशभरासाठी तसा कायदा व्हायला १९४९ उजाडावं लागलं. मधल्या तीस वर्षांत किती मुलामुलींनी घरदार सोडलं असेल, किती जण न्यायालयात 'तुमचं लग्न लग्नच नाही' हे ऐकून परतले असतील? ज्यांना विठ्ठलभाई निव्वळ डावपेचांचे राजकारणी वाटतात, त्यांनी हे विधेयक आठवावं.

असहकाराच्या चळवळीत ते गांधीजींबरोबर गेले, पण मनाने पुरते कधीच गेले नाहीत. कायदेमंडळावरचा बहिष्कार त्यांना पटत नव्हता. चौरीचौऱ्यानंतर चळवळ थांबली आणि काँग्रेसमध्ये दोन तट पडले. चित्तरंजन दास, मोतीलाल नेहरू आणि विठ्ठलभाई म्हणत, कायदेमंडळात शिरून सरकारला आतून अडवू; त्यांचाच पुढे स्वराज्य पक्ष झाला. वल्लभभाई, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद दुसऱ्या बाजूला. सख्खे भाऊ समोरासमोर. १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह चालू होता. जमनालाल बजाजांना अटक झाली, आणि सत्याग्रहाची धुरा घ्यायला वल्लभभाई नागपुरात आले, विठ्ठलभाईही आले. सिव्हिल लाइन्समधून तिरंगा घेऊन मिरवणूक निघाली तोवर दोघे एकत्र राबले. कौन्सिल प्रवेशावर मतभेद, झेंड्यावर एकमत. हा समजूतदारपणा आज कुठे दिसतो का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता मुख्य विषयाकडे येतो.

१९२१ मध्ये दिल्लीत केंद्रीय विधानसभा सुरू झाली. सुमारे १४५ सभासद. बहुसंख्य निवडून आलेले, बाकीचे सरकारने नेमलेले. पहिल्या चार वर्षांसाठी अध्यक्ष सरकारने नेमला, सर फ्रेडरिक व्हाइट. मग अध्यक्ष निवडायचा अधिकार सभागृहाला मिळाला, तोही गव्हर्नर जनरलच्या मंजुरीच्या अटीवर. ऑगस्ट १९२५ मध्ये निवडणूक झाली. विठ्ठलभाईंना ५८ मतं, दिवाणबहादूर टी. रंगाचारी यांना ५६. दोन मतांचा फरक. २४ ऑगस्टला एक हिंदी माणूस, काल-परवापर्यंत सरकारवर तुटून पडणारा स्वराज्य पक्षाचा नेता, त्या खुर्चीत बसला. २०२५ मध्ये त्या दिवसाला शंभर वर्षं झाली.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली? स्वराज्य पक्षाशी संबंध सोडले. आता मी कुठल्याही पक्षाचा नाही, सगळ्या सभागृहाचा, असं त्यांनी जाहीर केलं.

इथे एक आक्षेप आहे आणि तो महाराष्ट्रातून आला, म्हणून तो टाळून पुढे जाता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वराज्य पक्षाचे श्री. बा. तांबे यांनी मध्य प्रांताच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. मोतीलालजी भडकले. तेव्हा न. चिं. केळकर आणि बॅरिस्टर जयकर यांनी विचारलं, विठ्ठलभाईंनी अध्यक्षपद घेतलेलं चालतं, मग तांब्यांनी काय गुन्हा केला? दोन्ही सरकारी मानाच्या जागा, दोन्हींना पगार. प्रश्न टोकदार होता. प्रतियोगी सहकारितेचा वेगळा पक्ष निघाला तो या भांडणातूनच. केळकर-जयकरांबद्दल मला आदर आहे, पण या बाबतीत त्यांचं चुकलं असं मला वाटतं. कार्यकारी मंडळाचा सभासद सरकारचा भाग होतो; सरकारचा निर्णय तो त्याचा निर्णय. अध्यक्ष सरकारच्या समोर बसतो. तांब्यांच्या आणि विठ्ठलभाईंच्या जागेत हा फरक होता, आणि तो दाखवून द्यायला विठ्ठलभाईंना चार वर्षं लागली. पगाराचं म्हणाल, तर त्यातला मोठा हिस्सा ते दरमहा गांधीजींकडे विधायक कामासाठी पाठवत. १९२८ मध्ये बारडोलीत धाकट्या भावाचा लढा पेटला, तेव्हा अध्यक्षपदी असतानाच त्यांनी गांधीजींना जाहीर पत्र लिहिलं आणि लढा संपेपर्यंत महिना १००० रुपये देऊ केले. पक्ष सोडला म्हणजे देश सोडला, असं त्यांनी कधी मानलं नाही.

त्यांच्या हातून कधी तोल गेला नाही का? गेला. मार्च १९२६ मध्ये स्वराज्य पक्ष सभात्याग करून बाहेर पडला. सर्वांत मोठा पक्षच सभागृहात नाही, तेव्हा सरकारने वादाचा विषय आणू नये, नाहीतर मला माझे अधिकार वापरावे लागतील, असा इशारा देऊन विठ्ठलभाईंनी सभा तहकूब केली. दुसऱ्या दिवशी, आपले शब्द अधिक मोजून यायला हवे होते, हे त्यांनी सभागृहातच कबूल केलं. मला ही कबुली मोठी वाटते. पुढच्या वर्षी, १९२७ मध्ये, ते बिनविरोध पुन्हा निवडून आले. म्हणजे सरकारी बाकांनाही त्यांच्याविरुद्ध माणूस उभा करावासा वाटला नाही.

आता एक कोरडी वाटणारी गोष्ट सांगतो. कृपा करून ती लक्ष देऊन ऐका, कारण माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी कामगिरी.

सभागृहाचं कामकाज चालवायला सचिव लागतो, कारकून लागतात, कागद लागतो. हे सगळे कुणाचे नोकर? तेव्हा ते सरकारच्या कायदे खात्याचे नोकर होते. जे खातं सरकारची विधेयकं लिहितं, त्याच खात्याचा माणूस अध्यक्षांच्या कानाशी बसून त्या विधेयकांबद्दल सल्ला देणार. वादी आणि न्यायाधीश यांचा कारकून एकच! असल्या कारकुनावर कुठला बॅरिस्टर विश्वास ठेवेल? विठ्ठलभाईंनी चिवटपणे पाठपुरावा केला. सप्टेंबर १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंनी ठराव मांडला, सभागृहाने तो मंजूर केला आणि १० जानेवारी १९२९ रोजी विधानसभेचं स्वतंत्र खातं सुरू झालं, अध्यक्षांच्या हाताखाली. आजचं लोकसभा सचिवालय म्हणजे त्याच खात्याचा वारस. आपल्या राज्यघटनेच्या ९८व्या अनुच्छेदात संसदेच्या प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवालय दिलं आहे. त्या ओळीमागे विठ्ठलभाईंची चार वर्षांची पत्रापत्री आहे.

आणि आता १९२९ चा एप्रिल.

साम्यवादी चळवळ वाढत होती. कामगारांचे संप होत होते, मुंबईच्या गिरण्या धुमसत होत्या. परदेशी कम्युनिस्टांना देशाबाहेर घालवता यावं म्हणून सरकारने १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणलं. मतदान झालं, दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली. निर्णायक मत अध्यक्षांचं. विठ्ठलभाईंनी ते विधेयकाविरुद्ध टाकलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता: असा असाधारण कायदा ज्याला हवा आहे, त्याने तो आपल्या मतांच्या बळावर मंजूर करून घ्यावा, अध्यक्षांच्या मतावर नव्हे.

सरकार थांबलं नाही. १९२९ च्या सुरुवातीला विधेयक पुन्हा आलं. मग २० मार्चला देशभर धरपकड झाली आणि मीरतचा खटला उभा राहिला. आरोपींत मुंबईचे डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर असे कामगार पुढारी होते. स्प्रॅट आणि ब्रॅडली हे इंग्रजही होते. इथे विठ्ठलभाईंमधला वकील जागा झाला. त्यांनी सरकारला विचारलं, विधेयकाच्या बाजूने बोलायचं तर कम्युनिस्टांचा कट होता असंच तुम्ही सांगणार ना? तोच प्रश्न मीरतच्या न्यायालयापुढे आहे. मग सभासदांनी त्यावर खुलेपणाने बोलायचं कसं? एक तर खटला मागे घ्या, नाहीतर विधेयक थांबवा. सरकार म्हणालं, दोन्ही करणार नाही. आणि असं विचारायचा अधिकार नियमांत तुम्हाला नाही.

८ एप्रिलला औद्योगिक कलहाचं विधेयक मंजूर झालं. सुरक्षा विधेयकावर निर्णय द्यायला अध्यक्ष उभे राहिले. प्रेक्षागारात सर जॉन सायमन बसले होते. त्याच क्षणी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले. पुढचं आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. धूर, पत्रकं, घोषणा.

पण तो निर्णय काय होता, हे कधी कुणी आपल्याला शिकवलं का? दिवस काही शांत नव्हते. सभागृहात बाँब पडलेला, सरकार संतापलेलं. एखादा माणूस म्हणाला असता, आता नको, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. ११ एप्रिलला विठ्ठलभाईंनी निर्णय दिला: या विधेयकावर खरीखुरी चर्चाच होऊ शकत नाही, म्हणून तो प्रस्ताव मी सभागृहापुढे ठेवू देणार नाही. नियमात असा शब्दशः अधिकार नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण सभागृहाच्या कामकाजाचा गैरवापर होऊ न देणं हा अध्यक्षपदातच असलेला अधिकार आहे, हे त्यांनी निक्षून सांगितलं.

बाँबचा आवाज साऱ्या जगाने ऐकला. या निर्णयाचा आवाज त्यात बुडाला. दुसऱ्याच दिवशी व्हाइसरॉय आयर्विन यांनी सभागृहापुढे भाषण केलं, १३ तारखेला वटहुकूम काढून जे हवं ते मिळवलं, आणि पुढे अध्यक्षांना असं अडवता येऊ नये म्हणून नियमच बदलले. म्हणजे विठ्ठलभाई हरले का? कायदा झालाच ना? झाला. पण तो सभागृहाच्या संमतीने झाला नाही. सरकारला आपला वटहुकूम आपल्या नावावर घ्यावा लागला. हिंदी प्रतिनिधींच्या हातून त्यावर शिक्का मारून घेता आला नाही. परक्या राजवटीत याहून अधिक एखादा अध्यक्ष काय करू शकत होता, ते मला कुणी सांगावं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि २५ एप्रिल १९३० रोजी त्यांनी राजीनामा दिला. आपली जागा आता लढणाऱ्या देशबांधवांच्या बरोबर, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. पेशावरच्या गोळीबाराची काँग्रेसतर्फे चौकशी केली. सरकारने तो अहवाल जप्त केला. मग तुरुंग. तब्येत ढासळली, सुटका झाली, उपचारांसाठी युरोप. तिथूनही ते स्वस्थ बसले नाहीत. आयर्लंड, अमेरिका, जमेल तिथे हिंदुस्थानची बाजू मांडत राहिले. व्हिएन्नात सुभाषबाबू भेटले. १९३३ मध्ये गांधीजींनी कायदेभंग स्थगित केला, तेव्हा राजकीय नेता म्हणून गांधीजी अयशस्वी ठरले आहेत असं जाहीर पत्रक दोघांनी मिळून काढलं. पत्रक कठोर होतं, गांधीजींवर अन्याय करणारंही होतं असं मी म्हणेन. पण ते आजारी म्हाताऱ्याच्या वैतागातून आलं, असं म्हणून झटकणं बरोबर नाही. गांधींच्या मार्गाबद्दलची त्यांची शंका १९२० पासूनची होती.

२२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हाजवळच्या एका रुग्णालयात ते गेले. शुश्रूषेला सुभाषबाबू होते. पार्थिव मुंबईत आलं, अंत्ययात्रेला शहर लोटलं. मृत्युपत्रात मालमत्तेचा मोठा भाग देशाच्या राजकीय उन्नतीसाठी सुभाषबाबूंच्या हाती सोपवला होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयात टिकलं नाही. निष्णात बॅरिस्टरचं मृत्युपत्र संदिग्ध शब्दांमुळे पडावं, याचं दुःख होतं.

त्यांचा वारसा कुणी चालवला? विशेष म्हणजे एका मराठी माणसाने. गणेश वासुदेव मावळंकर, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, वकिली अहमदाबादची, वल्लभभाईंचे सहकारी. १९४६ मध्ये ते त्याच केंद्रीय विधानसभेचे अध्यक्ष झाले, तीन मतांनी निवडून येऊन. १९५२ मध्ये ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष. सभागृहाच्या हक्कांसाठी नेहरूंनाही ठणकावून लिहायला ते कचरले नाहीत. एका गोष्टीत मात्र ते विठ्ठलभाईंएवढे पुढे गेले नाहीत: त्यांनी पक्ष सोडला नाही. तो धडा १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डींनी गिरवला. लोकसभेचे अध्यक्ष होताच त्यांनी काँग्रेसचा राजीनामा दिला. त्यांच्या नंतर ही वाट ओस पडली.

मित्रहो, आजचा अध्यक्ष विठ्ठलभाईंपेक्षा कितीतरी बलवान आहे. त्याच्यावर व्हाइसरॉय नाही. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीने तर आमदार-खासदारांच्या पात्रतेचा न्यायनिवाडाही त्याच्या हाती दिला आहे. त्याच अनुसूचीत एक परिच्छेद आहे, पाचवा. अध्यक्षपदी निवडून आल्यावर एखाद्याने त्या पदासाठी आपला पक्ष सोडला, तर ते पक्षांतर मानलं जाणार नाही आणि त्याची जागा जाणार नाही. म्हणजे विठ्ठलभाईंनी जे कुठल्याही संरक्षणाशिवाय केलं, त्याला आपल्या घटनेने आज संरक्षण दिलेलं आहे. दार उघडं आहे. त्यातून जायला कुणी तयार नाही, आणि जा असं म्हणणारेही आपण फारसे उरलेलो नाही.

म्हणून माझी विनंती पुढाऱ्यांना नाही, तुम्हाला आहे. पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात मत मागायला जो येईल, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, त्याला एक प्रश्न विचारा: तुमचा पक्ष सत्तेवर आला आणि तुमचा माणूस सभागृहाचा अध्यक्ष झाला, तर तो पक्षाचा राजीनामा देईल का? उत्तर मिळेपर्यंत त्याला उंबऱ्याशी उभं करा.